ॲडम ऑस्बोर्न : अख्खा कॉम्प्युटर सुटकेसमध्ये बसवणारा माणूस

जुन्या कॉम्प्युटरची कॅबिनेट जमवणाऱ्या आणि ती पुन्हा नीट करणाऱ्या लोकांमध्ये एका मशीनचं नाव हमखास निघतं : ऑस्बोर्न १. बंद असताना ते शिलाई मशीनच्या पेटीसारखं दिसतं. एका बाजूला हँडल आणि झाकणाला क्लिपा. क्लिपा उघडल्या, झाकण खाली घेतलं की लक्षात येतं, झाकण म्हणजेच कीबोर्ड आहे. समोर मधोमध फक्त ५ इंचांची स्क्रीन, तिच्या दोन्ही बाजूंना फ्लॉपी ड्राइव्ह आणि त्यांच्याखाली फ्लॉप्या ठेवायला कप्पे. वजन साधारण ११ किलो.

हे मशीन पोर्टेबल म्हणून विकलं गेलं. पण त्यात बॅटरी नव्हती, भिंतीतला प्लग लागायचाच. म्हणजे खरं तर हा घडी घालून हँडल लावलेला डेस्कटॉप होता. आतले पार्टही बाजारात मिळणारेच होते. नवीन होती ती बाहेरची पेटी, पेटीबरोबर मिळणारं सामान आणि किंमत. ज्यांनी हे जुळवून आणलं त्या ॲडम ऑस्बोर्न यांची ही गोष्ट. तिची सुरुवात आणि शेवट दोन्ही तमिळनाडूत आहेत, हे आपल्याकडे फारसं कुणाला ठाऊक नसतं.

तिरुवन्नामलैतलं बालपण

ऑस्बोर्न यांचा जन्म ६ मार्च १९३९ रोजी बँकॉकमध्ये झाला. वडील आर्थर ऑस्बोर्न ब्रिटिश, बँकॉकच्या विद्यापीठात इंग्रजी शिकवायचे. आई पोलिश. दोघांनाही अध्यात्माची ओढ होती आणि ती त्यांना रमण महर्षींपर्यंत घेऊन गेली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात आई मुलांना घेऊन तिरुवन्नामलैला, महर्षींच्या आश्रमाजवळ राहिली. वडील मात्र बँकॉकमध्ये जपान्यांच्या कैदेत अडकले आणि युद्ध संपल्यावरच कुटुंबाकडे परतले. पुढे आर्थर यांनी रमण महर्षींवर पुस्तकं लिहिली. महर्षींची ओळख पाश्चात्त्य वाचकांना करून देणाऱ्यांमध्ये त्यांचं नाव आजही घेतात.

छोटा ॲडम त्या गावात वाढला, तमिळ अगदी सफाईनं बोलायचा. शाळाही तमिळनाडूतच सुरू झाली. वयाच्या ११व्या वर्षी तो इंग्लंडला गेला. पुढे बर्मिंगहॅम विद्यापीठातून १९६१ मध्ये केमिकल इंजिनिअरिंगची पदवी आणि १९६८ मध्ये अमेरिकेतल्या डेलावेअर विद्यापीठाची पीएचडी. मग शेल ऑइल कंपनीत नोकरी.

केमिकल इंजिनिअर ते पुस्तकवाले

मोठ्या कंपनीच्या शिस्तीत त्यांचं मन रमलं नाही. नोकरी सुटली आणि कॅलिफोर्नियातल्या बर्कलीत त्यांनी तांत्रिक लेखनाचा व्यवसाय सुरू केला. इंजिनिअर लोक जे बनवायचे ते समजेल अशा भाषेत लिहून द्यायचं, असं हे काम. त्या वेळी मायक्रोप्रोसेसर बाजारात नुकते आले होते आणि ते समजावून सांगणारं फारसं काही उपलब्ध नव्हतं.

ऑस्बोर्न यांनी मायक्रोकॉम्प्युटरची ओळख करून देणारं पुस्तक लिहिलं. प्रकाशकानं ते नाकारलं. तेव्हा त्यांनी ते स्वतःच छापलं आणि होमब्रू कॉम्प्युटर क्लब या हौशी लोकांच्या बैठकींना जाऊन विकलं. इम्साई ही त्या काळातली नावाजलेली कॉम्प्युटर कंपनी, तिनं आपल्या मशीनबरोबर या पुस्तकाची प्रत द्यायला सुरुवात केली. मशीनसोबत उपयोगाची वस्तू त्याच खोक्यात दिली तर ग्राहक खूश होतो, हे ऑस्बोर्न यांनी इथं जवळून पाहिलं असणार. पुस्तकांचा धंदा इतका वाढला की १९७९ मध्ये मॅकग्रॉ-हिल या मोठ्या प्रकाशन संस्थेनं तो विकत घेतला.

याच काळात ते मासिकांत सदरही लिहायचे. कॉम्प्युटर कंपन्या पोकळ आश्वासनं देतात, वेळेवर माल देत नाहीत, यावर ते सडकून टीका करायचे. हे लक्षात ठेवा, पुढे याचा संबंध येणार आहे.

पेटीचा विचार

त्या वेळी कॉम्प्युटर घ्यायचा म्हणजे मशीन वेगळं, मॉनिटर वेगळा, ड्राइव्ह वेगळे, सॉफ्टवेअर वेगळं. सगळं जुळवून चालू करणं हे सामान्य दुकानदाराच्या किंवा हिशेबनिसाच्या आवाक्याबाहेरचं काम. ऑस्बोर्न यांना हे सगळं एकाच पेटीत, एकाच किमतीत द्यायचं होतं. आणि ती पेटी विमानातल्या सीटखाली मावली पाहिजे, अशी अट.

१९८० मध्ये त्यांनी ली फेल्सेनस्टाइन यांना गाठलं. फेल्सेनस्टाइन हे होमब्रू क्लबच्या बैठका चालवणारे इंजिनिअर. अक्रोडाच्या लाकडाच्या बाजू असलेला सोल-२० कॉम्प्युटर त्यांनीच डिझाइन केला होता. (कॅबिनेट जमवणाऱ्यांना सोल-२०चं नाव सांगायला नको!) जानेवारी १९८१ मध्ये ऑस्बोर्न कॉम्प्युटर कॉर्पोरेशन सुरू झाली आणि एप्रिलमध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या वेस्ट कोस्ट कॉम्प्युटर फेअरमध्ये ऑस्बोर्न १ लोकांसमोर आला.

आत काय होतं ते थोडक्यात :

- ४ मेगाहर्ट्झचा झेड८० प्रोसेसर आणि ६४ केबी मेमरी
- सव्वापाच इंची दोन फ्लॉपी ड्राइव्ह
- ५ इंची स्क्रीन, एका ओळीत ५२ अक्षरं
- सीपी/एम ऑपरेटिंग सिस्टिम
- वर्डस्टार, सुपरकॅल्क आणि बेसिक, सगळं किमतीत धरून

किंमत १,७९५ डॉलर. एवढं सगळं सॉफ्टवेअर दुकानातून सुटं घेतलं असतं तर त्याचंच बिल मशीनच्या किमतीजवळ गेलं असतं. ऑस्बोर्न यांनी सॉफ्टवेअर कंपन्यांशी घाऊक सौदे केले, काही ठिकाणी आपल्या कंपनीचे शेअर देऊन.

आता स्क्रीन इतकी छोटी का? कारण पेटीचं माप आधी ठरलं होतं. दोन ड्राइव्हच्या मधे जेवढी जागा उरली, तेवढीच पिक्चर ट्यूब. कागदावर ८० अक्षरांची ओळ छापायची आणि समोर मात्र ५२च दिसणार, ही अडचण होती. म्हणून मेमरीत १२८ अक्षरांची रुंद ओळ ठेवली आणि स्क्रीन ही त्यावर सरकणारी खिडकी केली. बटण दाबलं की खिडकी डावी-उजवीकडे सरकायची. वापरणारे वैतागायचे, तरीही विकत घ्यायचे. ऐन भरात महिन्याला १०,००० मशीन विकली जात होती.

वर गेलेला आलेख खाली

यश दिसलं की बाकीचे येतातच. १९८२ मध्ये केप्रोनं ९ इंची स्क्रीन आणि पूर्ण ८० अक्षरांची ओळ असलेलं तसंच मशीन आणलं, पत्र्याच्या कॅबिनेटमध्ये. त्याच वर्षाच्या शेवटी कॉम्पॅकनं आयबीएम पीसीचं सॉफ्टवेअर चालवणारं पोर्टेबल जाहीर केलं. सीपी/एमचे दिवस भरत आले होते.

ऑस्बोर्न यांचं उत्तर होतं एक्झिक्युटिव्ह हे नवीन मॉडेल : ७ इंची स्क्रीन, किंमत २,४९५ डॉलर. १९८३च्या सुरुवातीला, माल दुकानात पोचण्याच्या आधीच, त्याची चर्चा सुरू झाली. मग जुनं मॉडेल घेणार कोण? दुकानदारांनी ऑर्डर थांबवल्या. नवीन वस्तूची घोषणा आधी केल्यामुळे जुनीची विक्री मरणं, याला आजही व्यवसायाच्या भाषेत ‘ऑस्बोर्न इफेक्ट’ म्हणतात. मोबाइल कंपन्या पुढच्या फोनबद्दल शेवटपर्यंत गप्प का राहतात, त्याचं एक कारण हे. कंपन्यांच्या आगाऊ घोषणांवर सदरांतून टीका करणाऱ्या माणसाचं नाव नेमकं याच चुकीला चिकटलं.

पण सगळा दोष त्या एका घोषणेवर टाकणं बरोबर नाही, असं अनेक अभ्यासक म्हणतात. केप्रोची स्पर्धा होती, हिशेब विस्कळीत होते आणि नफा वाटत होता तिथं प्रत्यक्षात तोटा निघाला. आणखी एक किस्सा सांगितला जातो, आणि कॅबिनेटची आवड असणाऱ्यांनी तो ऐकावाच. कंपनीच्या एका वरिष्ठ अधिकाऱ्याला गोदामात जुन्या मॉडेलचे तयार मदरबोर्ड सापडले, किंमत साधारण दीड लाख डॉलर. वाया घालवण्यापेक्षा त्यांची पूर्ण मशीन बनवून विकू, असं ठरलं. त्यासाठी पिक्चर ट्यूब आणि ड्राइव्ह घ्यावे लागले, उत्पादन पुन्हा सुरू करावं लागलं आणि साच्यातली प्लास्टिकची कॅबिनेटही नव्यानं बनवून घ्यावी लागली. दीड लाखांचा माल वाचवायला वीस लाख डॉलर गेले म्हणतात. ज्या पेटीनं कंपनी उभी केली, तीच पेटी पुन्हा बनवायचा खर्च तिला झेपला नाही.

सप्टेंबर १९८३ मध्ये कंपनीनं दिवाळखोरी जाहीर केली. पहिल्या प्रदर्शनाला तेव्हा अडीच वर्षंही झाली नव्हती.

नंतरची वर्षं

ऑस्बोर्न थांबले नाहीत. १९८४ मध्ये त्यांनी पेपरबॅक सॉफ्टवेअर सुरू केली. सॉफ्टवेअर हे पुस्तकासारखं स्वस्तात विकलं पाहिजे, ही कल्पना. त्यांचं व्हीपी-प्लॅनर हे स्प्रेडशीट लोटस १-२-३ सारखं चालायचं आणि किंमत कितीतरी कमी. लोटसनं १९८७ मध्ये कोर्टात खेचलं. १९९० मध्ये निकाल लोटसच्या बाजूनं लागला आणि ऑस्बोर्न कंपनीतून बाहेर पडले. मेनू आणि कमांडची मांडणी कुणाच्या मालकीची असते का, या वादात त्या खटल्याचा उल्लेख पुढेही होत राहिला.

त्यानंतर मेंदूच्या आजारानं त्यांना गाठलं. वारंवार छोटे झटके यायला लागले. शेवटची वर्षं ते भारतात, कोडाईकनालला बहिणीकडे राहिले. लहानपणी जिथली भाषा बोलले, त्याच तमिळनाडूत १८ मार्च २००३ रोजी त्यांचं निधन झालं. वय ६४.

आज ही पेटी हाती आली तर

सुरुवातीची ऑस्बोर्न १ फिकट तपकिरी रंगाच्या कॅबिनेटमध्ये यायची, नंतरची निळसर करड्या. म्हणजे रंगावरून मशीन कुठल्या काळातलं आहे, याचा अंदाज येतो. म्हणून संग्राहक नवीन रंग मारायला सहसा तयार नसतात. तसं केलं की ओळख पुसली जाते.

ऑस्बोर्न असो वा त्या काळातला दुसरा कुठला कॉम्प्युटर, प्लास्टिक कॅबिनेट नीट करताना हे लक्षात ठेवा :

प्लग लावायची घाई नको. अमेरिकेतलं मशीन ११० व्होल्टचं असू शकतं, आपल्याकडे २३०. शिवाय त्या काळच्या पॉवर सप्लायमधले कागदी फिल्टर कपॅसिटर जुने झाले की तडकतात आणि चालू केल्यावर धूर काढतात. ते आधी बदलून घ्या. पिक्चर ट्यूबमध्ये बंद असतानाही जोरदार विजेचा साठा राहू शकतो, तिथं जाणकारालाच हात घालू द्या.

आधी साधी धुलाई. इलेक्ट्रॉनिक्स पूर्ण बाहेर काढून रिकामं कॅबिनेट भांड्यांच्या सौम्य साबणानं, मऊ ब्रशनं धुवा. पिवळं वाटतं त्यातलं बरंचसं कधी कधी नुसतं मळ आणि धूर असतो. लेबल भिजवू नका.

पिवळेपणा. त्या काळची बरीच कॅबिनेट एबीएस प्लास्टिकची. ऊन, उष्णता आणि हवेतला ऑक्सिजन यांच्यामुळे ते पिवळं पडतं. आग रोखायला मिसळलेली रसायनंही त्याला हातभार लावतात असं मानलं जातं. हायड्रोजन पेरॉक्साइड लावून अतिनील प्रकाशात ठेवलं की रंग उजळतो. पण लेप असमान लागला तर डाग पडतात आणि काही वर्षांनी पिवळेपणा परत येऊ शकतो. हातमोजे आणि चष्मा हवाच, आणि आधी आतल्या बाजूला छोटा तुकडा करून बघा.

तडे आणि तुटलेल्या स्क्रूच्या जागा. एबीएसचे तुकडे ॲसिटोनमध्ये विरघळवून केलेली पेस्ट तड्यात भरता येते, कारण ती त्याच प्लास्टिकची होऊन वाळते. खिडकी उघडी ठेवा, जवळ आग नको. क्लिपा आणि हँडल यांच्या आसपासचे तडे आधी बघा, कारण उचलताना ११ किलोंचा भार तिथंच येतो.

आणि ड्राइव्हखालचे कप्पे नक्की तपासा. मूळ वर्डस्टारची फ्लॉपी किंवा जुन्या मालकाच्या अक्षरातलं लेबल तिथं राहिलं असेल, तर तेही जपून ठेवा. ऑस्बोर्न यांनी पेटीसोबत सामान विकलं होतं, त्यामुळे सामानाशिवाय ही पेटी अर्धवटच राहते.