डॉक्टरसाहेब : दवाखान्यातून विधानसभेत

शेतीच्या पानावर गिरणी संपाचा पुढारी कशाला, असं तुम्ही म्हणाल. पण नांद्यात काय किंवा मुळशीच्या दुसऱ्या गावात काय, पारावरच्या एखाद्या म्हाताऱ्याला दत्ता सामंत हे नाव सांगून बघा. भाताच्या एका पिकावर भागेना म्हणून आपली मुळशी-मावळातली माणसं मुंबईला गेली. कुणी डबे पोचवले, कुणी हमाली केली, कुणी गिरणीत लागलं. सेनापती बापटांचा सत्याग्रह मोडून टाटांनी मुळशीचं धरण बांधलं, त्या पाण्यावरची वीजही मुंबईच्या गिरण्यांनाच गेली. खाचरं बुडालेल्या तालुक्यातले लोक त्याच विजेच्या मागावर उभे राहिले!

सामंतांचा जन्म २१ नोव्हेंबर १९३२ चा, मालवणजवळच्या देवबागचा. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला कर्लीची खाडी, असं हे चिंचोळं गाव. मुंबईत एम.बी.बी.एस. होऊन त्यांनी घाटकोपरच्या पंतनगरात दवाखाना थाटला. दगडखाणीतले मजूर उपचाराला यायचे. मजुरी तुटपुंजी, कामाला धरबंध नाही. तिथं नुसत्या औषधानं काय होणार? डॉक्टरांनी त्यांची संघटना बांधली. मग कारखान्यांतले कामगारही मागे आले. १९७२ मध्ये ते आमदार म्हणून विधानसभेत गेले. काँग्रेसचे असूनही १९७५ च्या आणीबाणीत तुरुंगात गेले आणि बाहेर आले ते जास्तच मोठे होऊन. कंपनीचा ताळेबंद न बघता पगारवाढ मागायची, ही त्यांची रीत. त्यांच्या संपात मारामाऱ्या झाल्या, हेही लपवण्यात अर्थ नाही.

१८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. पगारवाढ आणि बदली कामगारांना कायम करणं या मागण्या होत्याच. शिवाय १९४६ च्या कायद्यानं एकाच युनियनला मिळालेली मान्यता त्यांना नको होती. सरकार हललं नाही. तेव्हा कामगारानं काय केलं? गावची एस.टी. धरली. एवढा मोठा संप वर्षाच्या पुढं टिकला तो गावाकडच्या दाण्यावर. जेमतेम घरापुरतं पिकणाऱ्या खाचरावर खाणारी तोंडं वाढली, मनिऑर्डर थांबली. या संपाचा हिशोब मुंबईचाच मांडतात, भावकीनं सोसलेला कुणी मांडत नाही. संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही. बऱ्याच गिरण्या पुढे उघडल्या नाहीत आणि हजारो लोक कायमचे घरी बसले. माझ्या मते मधेच काहीतरी पदरात पाडून थांबायला हवं होतं. पण १९८४ मध्ये देशभर काँग्रेसची लाट असताना याच कामगारांनी डॉक्टरांना अपक्ष म्हणून लोकसभेत पाठवलं. नोकरी गेलेल्यांनी! १६ जानेवारी १९९७ ला पवईत, घराजवळच, मारेकऱ्यांनी त्यांना गोळ्या घातल्या.

पुढे म्हाडाच्या घरांसाठी पात्रता ठरली, ती १ जानेवारी १९८२ रोजी किंवा त्यानंतर कामावर असलेल्या गिरणी कामगारांची. घरात अशा कुणाचं तिकीट, हजेरीकार्ड, फंडाचा कागद असेल तर जपून ठेवा. आणि तलाठी, ग्रामसेवक मंडळी, वारसाच्या कागदासाठी त्यांची म्हातारी दारात आली तर तिला उद्या या म्हणू नका.