विठाबाई स्टेजवर, फड मागे

नारायणगावच्या विठाबाईंची एक गोष्ट जुन्नर-आंबेगावात कुणालाही विचारा, पाठ असते. दिवस भरलेले असताना त्या स्टेजवर नाचत होत्या. कळा सुरू झाल्या तशा आत गेल्या, तिथेच बाळंत झाल्या, दगडाने नाळ तोडली आणि पुन्हा उभं राहायला तयार झाल्या. बाहेर बसलेल्या लोकांना हे कळलं, तेव्हा त्यांनीच हात जोडून खेळ थांबवायला लावला.

ऐकताना अंगावर काटा येतो, यायलाच हवा. पण ही गोष्ट सांगताना आपली नजर कनातीच्या आतच राहते. बाहेर त्या वेळी काय चाललं असेल? तिकीट काढून बसलेलं पब्लिक रिकामं स्टेज एक मिनिट सहन करत नाही. तमाशाची रीत अशी, की मुख्य बाई आत गेली की ढोलकीवाला हात थांबवत नाही, सोंगाड्या बतावणी लांबवतो, झीलकरी सूर सोडत नाहीत. त्यासाठी कुणी इशारा करावा लागत नाही. विठाबाईंचं नाव सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. त्यांच्या मागे तुणतुणं धरून उभ्या असलेल्या माणसाचं नाव विचारा, शांतता पसरते.

एकटा हिरो मॅच काढतो की टीम, हा वाद हॉस्टेलवर रात्री दोनपर्यंत चालतो. बास्केटबॉलवाले असतील तर मायकल जॉर्डन आलाच. २० एप्रिल १९८६ला त्याने बोस्टन सेल्टिक्सविरुद्ध एकट्याने ६३ गुण काढले. प्लेऑफमधल्या एका सामन्यातला तो विक्रम आजही कुणी मोडलेला नाही. आणि त्याची शिकागो बुल्स तो सामना हरली, मालिकाही ३-० अशी हरली. पहिलं विजेतेपद मिळायला १९९१ उजाडलं. तोवर स्कॉटी पिपेन टीममध्ये येऊन चार वर्षं झाली होती. हा वाद आपल्या भागात घालायचा असेल तर शिकागोपर्यंत जायची गरज नाही. नारायणगावच्या एस.टी. स्टँडपर्यंत गेलं तरी पुरे.

विठाबाईंचा जन्म जुलै १९३५चा, पंढरपूरचा. आजोबा नारायण खुडे यांनी फड उभा केला होता. वडील भाऊ आणि चुलते बापू तो चालवायचे. फडाचं नाव भाऊ-बापू मांग नारायणगावकर. खुडे हे आडनाव बाजूला राहिलं आणि जात नावातच आली. ज्या गावात रात्री ह्या मंडळींचा खेळ बघायला माणूस मावत नसे, त्याच गावात दिवसा त्यांना पाणवठ्यावर कसं वागवलं जात असेल, याचा अंदाज तो काळ माहीत असणाऱ्याला सहज येईल. ते नाव त्यांनी शेवटपर्यंत बोर्डावर मोठ्या अक्षरात लावलं. मला ही गोष्ट त्या बाळंतपणाच्या किश्श्याइतकीच मोठी वाटते.

शाळेत विठाबाईंचं काही जमलं नाही. लावणी, गवळण, भेदिक हे सगळं मात्र लहानपणापासून कानावर पडत होतं आणि फार लवकर त्या स्टेजवर उभ्या राहिल्या. फडात वेगळा क्लास नसतो. पोर झोपतं ढोलकीच्या आवाजात आणि उठतं घुंगरांच्या. कुठली जागा रिकामी सोडायची, कुठे समोरच्याला बोलू द्यायचं, हे बघूनच अंगात मुरतं. घरातच फड असणं ही त्यांची पहिली टीम. ती त्यांनी निवडलेली नव्हती, जन्माने मिळालेली होती.

१९५७मध्ये, वयाच्या बाविसाव्या वर्षी, त्यांना राष्ट्रपती पदक मिळालं. १९९०मध्ये पुन्हा एकदा. तमाशासम्राज्ञी ही पदवी लोकांनीच दिली. दोन पदकांच्या मधल्या तेहेतीस वर्षांत किती रात्री, किती गावं झाली, त्याचा हिशेब कुणी ठेवलेला नाही.

आता जरा फडाच्या आत जाऊ, कारण खरी मजा तिथे आहे. ढोलकी फडाच्या तमाशाचा क्रम ठरलेला: आधी गण, मग गवळण, मग बतावणी आणि लावण्या, आणि शेवटी वग. गवळणीत मावशी आणि पेंद्या नसतील तर राधा नुसती उभी राहील. तिची अडवणूक कुणीतरी करायला हवी, तरच तिचं उत्तर चमकतं. लावणीत ढोलकीवाल्याची नजर बाईच्या पायावर असते. ती गिरकी घेऊन कुठे थांबणार हे त्याला अर्धा क्षण आधी कळायला हवं, नाहीतर थाप एकीकडे आणि पाय दुसरीकडे. नवा ढोलकीवाला असला की जाणकार प्रेक्षक पहिल्या दहा मिनिटांत ओळखतो.

सगळ्यात अवघड वग. जुन्या पद्धतीत वगाची संहिता लिहिलेली नसायची. कथा ठरलेली, प्रवेश ठरलेले, बाकी संवाद स्टेजवरच जुळवायचे. म्हणजे समोरचा नट काय वाक्य टाकेल यावर तुमचं वाक्य अवलंबून. त्याने भिकार वाक्य टाकलं तर जगातली सर्वोत्तम नटीही काय करणार? आणि त्याने उंच फेकलं तर ते झेलून मारायचं काम विठाबाईंचं. बास्केटबॉलमध्ये ज्याने पास दिला त्याच्या नावावर असिस्ट लिहिला जातो. तमाशात तसा रकाना नाही.

याचा उलटा अर्थ काढू नका मात्र. फडाने विठाबाईंना घडवलं आणि त्या नुसत्या पुढे उभ्या राहिल्या, असं म्हणणं साफ चुकीचं. तीच ढोलकी, तीच बतावणी घेऊन शेकडो बायका नाचल्या, सगळ्या विठाबाई झाल्या नाहीत. गर्दी त्यांच्या नावाने यायची. आणि गर्दी आली तरच शेवटच्या झीलकऱ्याची चूल पेटायची. म्हणजे उपकार दोन्हीकडून होते.

पुढे त्या फडाच्या मालकीण झाल्या. फडाचं नाव विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर. इथे खेळाडूची तुलना संपते, कारण जॉर्डनला आपल्या टीमचा पगार स्वतःच्या खिशातून द्यावा लागत नव्हता. तमाशातले कलावंत हंगामाच्या आधी उचल घेतात. ती मालकाने द्यायची. मालकाकडे कुठून येणार? तो कर्ज काढतो. मग दसऱ्याला फड बाहेर पडतो. ट्रक, तंबू, कनात, जनरेटर, स्वयंपाक, वाजवणारे, नाचणारे, तंबू ठोकणारे. रात्री खेळ, पहाटे सामान भरायचं, दुसऱ्या दिवशी दुसरं गाव. चैत्र-वैशाखात यात्रांचा जोर. आपल्याकडच्या यात्रा आठवा: दिवसा घाटात बैलगाडा, रात्री तमाशा आणि सकाळी त्याच जागरलेल्या डोळ्यांनी हजेरी. एक अवकाळी पाऊस आला, एक भांडण झालं, एक खेळ बुडाला, की नुकसान मालकाचं. पावसाळ्यात फड बंद, पण पोटं बंद होत नाहीत.

आजारी कलावंताचं औषध, कुणाच्या पोरीचं लग्न, कुणाचं मयत, सगळं मालकाच्या दारात येतं. मोठ्या नावाची टीम चालवायची म्हणजे टीमने तुम्हाला उचलायचं आणि तुम्ही टीमला पोसायचं. आपण हे दुसरं विसरतो.

मुली मोठ्या झाल्या, त्याही स्टेजवर आल्या. त्यांपैकी मंगला बनसोडे यांनी पुढे स्वतःचा फड उभा केला आणि तो महाराष्ट्रभर गाजवला. तमाशात हे असंच चालतं. चांगला माणूस तयार झाला की एक दिवस तो आपला वेगळा तंबू ठोकतो. जुन्या फडाचं नाव नव्या बोर्डावर थोडं जातं आणि जुन्या तंबूत एक जागा रिकामी होते.

विठाबाईंचा शेवट मात्र वाईट झाला. पैशाची ओढाताण अखेरपर्यंत सुटली नाही. १५ जानेवारी २००२ला त्या गेल्या, तेव्हा हॉस्पिटलचं बिल भागवायला लोकांना मदत गोळा करावी लागली. ज्या बाईच्या नावावर तंबू भरायचे, तिच्यासाठी ही पाळी आली. खेळाडूला मंडळ असतं, नोकरदाराला पेन्शन असते. फडातल्या ढोलकीवाल्याला तेव्हा यातलं काय होतं? आणि त्याच्या मालकिणीला तरी काय होतं? स्टार आणि टीम दोघंही एकाच ट्रकमध्ये होती, हे त्या बिलाने दाखवलं.

२००६मध्ये राज्य सरकारने त्यांच्या नावाने जीवनगौरव पुरस्कार सुरू केला. तमाशाची कला जपणाऱ्या ज्येष्ठ कलावंताला तो दिला जातो. मंगलाताईंनाही तो मिळाला आहे.

पाडव्याच्या सुमारास नारायणगावला कधी गेलात तर पुणे-नाशिक रस्त्याच्या कडेला राहुट्या लागलेल्या दिसतील. फडमालक आत गादी टाकून बसलेले असतात आणि गावोगावच्या यात्रा कमिट्या सुपारी द्यायला येतात. कुठला वग, नाचणाऱ्या किती, सोंगाड्या कोण, हे विचारून घासाघीस चालते. बाहेरचे बोर्ड निवांत वाचा. एकट्याच्या नावाचा बोर्ड सापडणं अवघड. तुकाराम खेडकर सह कांताबाई सातारकर, दत्ता महाडिक पुणेकर सह गुलाबराव बोरगावकर, ही जुनी गाजलेली नावंही अशीच जोडीने लिहिली जायची. मधला तो 'सह' रंगाऱ्याने बारीक अक्षरात काढलेला असतो.