विद्यार्थी भाऊ दाजी

आपल्या सारस्वत समाजातील थोर पुरुषांची नावे निघाली की डॉ. भाऊ दाजी लाड यांचे नाव पहिल्या पाचांत येतेच. धन्वंतरी, प्राचीन लेखांचे संशोधक, मुंबईचे पहिले हिंदी शेरीफ ही त्यांची ओळख आपल्या घराघरांतील मुलांना असते. निदान असावयास हवी. त्यांच्या कीर्तीचा हा सर्वपरिचित भाग आम्ही येथे थोडक्यात आटोपणार आहोत. कारण असे की, गुणवंत विद्यार्थ्यांची यादी करण्यासाठी दरवर्षी गुणपत्रिका चाळताना एक शंका आमच्या मनात डोकावते. हे गुण मिळविताना या मुलामुलींनी वर्गाबाहेर काय केले, याची चौकशी आपण करतो काय? भाऊ दाजींना कोणी हे विचारले असते, तर उत्तर ऐकण्यास बराच वेळ हाताशी ठेवावा लागला असता.

१८२२ साली गोव्यातील पेडणे महालात मांद्रे या गावी त्यांचा जन्म झाला. वडील विठ्ठल यांना दाजी म्हणत, म्हणून मुलगा भाऊ दाजी. कुटुंब मुंबईस आले. परिस्थिती बेताची होती. मुलगा बुद्धिबळात मात्र असा तरबेज की, त्याचा खेळ पाहून एका इंग्रज गृहस्थाने त्याला इंग्रजी विद्या द्यावी असा वडिलांना आग्रह केला, असे सांगतात. पटावर वेळ घालविणाऱ्या मुलाचा कान धरणाऱ्या पालकांनी ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे.

एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये शिक्षण झाले आणि तेथेच शिक्षकाची जागा मिळाली. याच सुमारास कच्छ व काठेवाडातील बालहत्या या विषयावर निबंधाची स्पर्धा होती. तेथील जाडेजा रजपुतांत मुलगी जन्मताच तिला मारण्याची चाल होती. या तरुणाचा काठेवाडाशी नात्याचा वा नोकरीचा संबंध नव्हता, आणि या विषयावर कोणतीही परीक्षा व्हावयाची नव्हती. तरीही त्यांनी माहिती जमविली, निबंध लिहिला आणि बक्षीस मिळविले. बक्षिसापेक्षा आम्हाला विषयाची निवड महत्त्वाची वाटते. पुढील आयुष्यात मुलींच्या शिक्षणासाठी त्यांनी जे केले, त्याचे बीज या निबंधात आहे, असे आमचे मत आहे.

१८४५ साली मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झाले. हाती शिक्षकाची नोकरी असताना ती सोडून भाऊ दाजी पुन्हा विद्यार्थ्यांच्या बाकावर जाऊन बसले. त्या काळी उच्चवर्णीय घरात प्रेताला हात लावून शरीर शिकणे म्हणजे काय प्रसंग होता, याची कल्पना आज येणे कठीण आहे. १८५१ साली जी पहिली तुकडी उत्तीर्ण होऊन बाहेर पडली, तीत ते होते. पुढे प्रार्थना समाजाचे पहिले अध्यक्ष झालेले डॉ. आत्माराम पांडुरंग हे त्याच तुकडीतले.

या दोन सालांच्या मध्ये एक घटना घडली व तिला आम्ही महाविद्यालयाच्या परीक्षेइतकेच मोल देतो. १८४८ साली एल्फिन्स्टनच्या विद्यार्थ्यांनी प्रोफेसर पॅटन यांच्या अध्यक्षतेखाली स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी स्थापन केली. निबंध वाचावेत, वाद घालावेत, हा मूळ हेतू. मराठी व गुजराती भाषांसाठी ज्ञानप्रसारक सभा निघाल्या. पण ही पोरे केवळ बोलण्यावर थांबली नाहीत. १८४९ साली त्यांनी मुलींच्या शाळा काढल्या. सभासद स्वतःचे काम सुरू होण्यापूर्वी सकाळी जाऊन विनावेतन शिकवीत. प्रारंभी चोवीस हिंदू व चव्वेचाळीस पारशी मुली आल्या. आकडा लहान आहे खरा. परंतु मुलगी शिकली तर घरावर अरिष्ट येते असे मानणाऱ्या शहरात एकेका मुलीसाठी किती उंबरठे झिजवावे लागले असतील, याचा हिशेब कोणत्याही अहवालात सापडणार नाही. नाना शंकरशेट यांनी शाळेस जागा दिली. दादाभाई नौरोजी या खटाटोपात पुढे होते. भाऊ दाजींनी या मंडळाची कास शेवटपर्यंत सोडली नाही. ते त्याचे पहिले हिंदी अध्यक्ष झाले, आणि मुलींच्या एका शाळेस त्यांचेच नाव देण्यात आले.

अशा मंडळींत जमलेले स्नेह पुढे कसोटीस लागतात. याच वर्तुळातील करसनदास मुळजी यांनी विधवाविवाहावर निबंध लिहावयास घेतला, म्हणून त्यांना घर सोडावे लागले होते. १८६१ साली जदुनाथजी महाराजांनी त्यांच्यावर अब्रूनुकसानीचा खटला भरला, तेव्हा महाराजांच्या दुखण्यावर आपण काय उपचार केले, हे भाऊ दाजींनी न्यायालयात शपथेवर सांगितले. वैद्याने रोग्याचे गुपित सांगावे काय, यावर दुमत होऊ शकेल. श्रीमंत व धर्माधिकारी अशा पक्षकाराविरुद्ध उभे राहण्यास लागणारे धैर्य मात्र कोणी नाकारू शकणार नाही.

बाकीचे चरित्र भराभर सांगतो. पदवी मिळून वर्ष होते न होते तोच, १८५२ साली निघालेल्या बॉम्बे असोसिएशनच्या चिटणिसांत ते होते. १८५७ साली मुंबई विद्यापीठ स्थापन झाले, तेव्हा पहिल्या फेलोंत त्यांची नेमणूक झाली. विद्यापीठाची पदवी नसलेला हा पदवीधर विद्यापीठाच्या कारभारात बसला. बंधू डॉ. नारायण दाजी यांच्यासह गरिबांस मोफत औषध देणे, कडू कवठाच्या तेलाने महारोगावर उपचार, १८६९ व १८७१ साली शेरीफपद, राणीच्या बागेतील संग्रहालयाची उभारणी ही कामे प्रसिद्धच आहेत. ते संग्रहालय १८७२ साली उघडले आणि १९७५ पासून त्यांच्याच नावाने ओळखले जाते. १८६५ च्या शेअरच्या सट्ट्यात त्यांनी आपली मोठी मिळकत गमावली. हे झाकून ठेवण्याचे कारण नाही. त्या वर्षी मुंबईतील भलेभले शहाणे बुडाले.

एका गोष्टीजवळ मात्र थांबलेच पाहिजे. १८६१ साली जुनागडहून भगवानलाल इंद्रजी नावाचा तरुण त्यांच्याकडे आला. इंग्रजी शिक्षणाचे पाठबळ त्याला नव्हते, महाविद्यालयाचा उंबरठा त्याने ओलांडला नव्हता. पण गिरनारच्या शिळेवरील अक्षरे वाचण्याचा त्याला छंद होता. भाऊ दाजींनी त्याची गुणपत्रिका मागितली नाही. त्याला आश्रय दिला, लेण्यांतील लेखांचे ठसे घेण्यास गावोगावी पाठविले आणि खर्च स्वतः सोसला. हा क्रम भाऊ दाजींच्या मृत्यूपर्यंत, म्हणजे १८७४ च्या मे महिन्यापर्यंत, चालला. दहा वर्षांनी, १८८४ साली, हॉलंडमधील लायडन विद्यापीठाने भगवानलालांस डॉक्टर ही पदवी सन्मानपूर्वक दिली.