पाचगणीचा 'बकी'

पाचगणीला आपल्यापैकी कोण गेलं नाही? पसरणी घाट चढायचा, टेबललँडवर घोड्याबरोबर फोटो काढायचा, स्ट्रॉबेरी विथ क्रीम हाणायचं आणि अंधार पडायच्या आत परत. आमची बॅचही तशीच जाऊन आली. येताना बसमध्ये कुणीतरी 'वुई विल रॉक यू' लावलं आणि अख्खी बस पाय आपटून, टाळ्या वाजवून ताल धरू लागली. ड्रायव्हरकाका वैतागले, ते सोडा. पण ज्याच्या आवाजावर आम्ही बेंबीच्या देठापासून ओरडत होतो, तो माणूस आम्ही तासाभरापूर्वी मागे टाकलेल्या त्याच गावात हॉस्टेलवर वाढला, हे त्या बसमध्ये एकालाही ठाऊक नव्हतं. मलाही नव्हतं. नंतर कळलं तेव्हा जरा लाजच वाटली, म्हणून हा लेख.

फ्रेडी मर्क्युरीचं मूळ नाव फारोख बुलसारा. जन्म ५ सप्टेंबर १९४६, झांझिबार. आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्याजवळचं हे बेट, लवंगांसाठी प्रसिद्ध. गादीवर सुलतान, पण कारभार ब्रिटिशांचा. वडील बोमी तिथे सरकारी नोकरीत कॅशियर होते, आई जेर. घर पारशी आणि मुळं गुजरातची. आडनावच मुळी बुलसार, म्हणजे आताच्या वलसाडवरून आलेलं. घरी नोकरचाकर होते, धाकटी बहीण होती, समुद्र होता. पण चांगली इंग्रजी शाळा हवी म्हणून आठव्या वर्षी ह्या पोराला बोटीने भारतात धाडलं आणि पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेच्या बोर्डिंगमध्ये ठेवलं.

आठव्या वर्षी! आपण अठराव्या वर्षी हॉस्टेलला आलो तरी पहिले पंधरा दिवस मेसची आमटी बघून डोळ्यांत पाणी यायचं, आणि शनिवार आला की एसटी पकडून घर गाठायचो. ह्याला शनिवार नव्हता. आई-बाप समुद्रापलीकडे हजारो किलोमीटरवर, मध्ये अख्खा अरबी समुद्र. लहान सुट्ट्या मुंबईला मावशी-आजीकडे काढायच्या. घरची गाठ पडायची ती लांबच्या सुट्टीत, तीही दर वेळी नाही. त्यात वरच्या जबड्यात चार दात जास्तीचे, त्यामुळे पुढचे दात बाहेर आलेले. पोरांनी लगेच नाव ठेवलं 'बकी'. हॉस्टेल कुठलंही असो, वर्ष कुठलंही असो, टोपणनाव ठेवायला आपली जात एक मिनिट लावत नाही. हसताना तोंडावर हात धरायची, ओठ दातांवर ओढून घ्यायची त्याची सवय तेव्हापासूनची. पुढे पैसा आला तरी दात त्याने कधी नीट करून घेतले नाहीत. आवाज बदलेल ही भीती. 'फारोख' बाजूला पडून 'फ्रेडी' हे नावही शाळेतच चिकटलं.

पोरगा एकलकोंडा नव्हता मात्र. टेबल टेनिसमध्ये शाळेत पहिला यायचा, बॉक्सिंग करायचा, नाटकात काम करायचा, बाराव्या वर्षी ज्युनिअर ऑलराउंडरचा कप घेतला. आणि गाण्याचं अंग आहे हे मुख्याध्यापकांच्या लक्षात आलं. त्यांनी झांझिबारला पत्र लिहून कळवलं की थोडी जादा फी भरलीत तर मुलाला पियानो शिकवता येईल. बोमीशेठनी भरली. त्या पत्राचं पुढे काय झालं ते सगळ्या जगाने ऐकलं. फ्रेडीने पियानोच्या थिअरी आणि प्रॅक्टिकल दोन्हींत चौथी ग्रेड काढली. (थिअरीला बसायचा कंटाळा त्यालाही होता म्हणतात. आपण एकटे नाही.)

पियानोचा क्लास म्हणजे समोर कागद, कागदावर सूर, पाठ ताठ, बोटं गोल. हे चालू असताना कानावर पडू लागलं ते भलतंच. १९५५ साली अमेरिकेत लिटल रिचर्डचं 'टुटी फ्रुटी' आलं. पुढच्या वर्षी एल्व्हिस प्रेस्ली घरोघर पोचला. फॅट्स डॉमिनो होता, आणि १९५८पासून इंग्लंडचा क्लिफ रिचर्ड, जो जन्मला आपल्या लखनौला. ह्यातले लिटल रिचर्ड आणि फॅट्स डॉमिनो दोघेही पियानोवाले, ही गोष्ट ध्यानात घ्या. रॉक अँड रोल म्हटलं की आपल्याला गिटार दिसते. पण ह्या पोराला कळलं ते असं की ज्या पेटाऱ्यासमोर आपल्याला ताठ बसवतात, त्याच्यावर हातोडा घातल्यासारखं वाजवून उभं राहून किंचाळताही येतं!

हे सगळं सातारा जिल्ह्यातल्या डोंगरावर पोचलं कसं? रेडिओने. त्या काळात आकाशवाणीवर आपले बाळकृष्ण केसकर मंत्री होते. सिनेसंगीताने लोकांची अभिरुची बिघडते असं त्यांचं ठाम मत, त्यामुळे १९५२पासून तिथून फिल्मी गाणी जवळपास हद्दपार झाली होती. मग रॉक अँड रोलची काय कथा. लोकांनी काटा फिरवला तो रेडिओ सिलोनकडे. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांनी सैनिकांसाठी उभारलेलं तिथलं शॉर्टवेव्ह ट्रान्समीटर भलतं ताकदवान होतं. आयनोस्फिअरवर आपटून त्याच्या लहरी अख्ख्या भारतभर उतरायच्या. (ईएनटीसीवाल्यांनो, स्कायवेव्ह प्रोपगेशन पेपरात सोडून देता ना, ते हे!) गाणं मधेच लांब जायचं, खरखर व्हायची, पुन्हा जवळ यायचं. तेच गाणं पुन्हा कधी लागेल ह्याचा नेम नाही. रिवाइंड नाही, डाउनलोड नाही. ऐकलं तेवढंच आपलं.

आणि इथेच फ्रेडीची खरी गंमत होती. त्याचे वर्गमित्र सांगतात की रेडिओवर गाणं एकदा ऐकलं की तो जाऊन पियानोवर ते वाजवायचा. मला आधी ही थाप वाटली. मग एका गिटारवाल्या सीनिअरने समजावलं. त्या काळातली निम्मी रॉक अँड रोल गाणी बारा पट्ट्यांचा एकच साचा आणि तीनच कॉर्ड ह्यांवर उभी असतात. साचा एकदा कानात बसला की गाण्यागणिक फक्त चाल आणि नखरा बदलतो. ग्रेडच्या परीक्षा देणाऱ्या पोराला तीन कॉर्ड म्हणजे काहीच नाही. उरलेला नखरा मात्र कुठल्याही ग्रेडमध्ये शिकवत नाहीत, तो त्याचा स्वतःचा.

साधारण १९५८ साली पाच पोरांनी मिळून बँड काढला. नाव 'द हेक्टिक्स'. एकाकडे गिटार, एकाकडे ड्रम, आणि एकाकडे चक्क चहाचं खोकं! लाकडी खोकं पालथं घालायचं, त्याला एक काठी उभी लावायची, काठीपासून खोक्यापर्यंत एक दोरी ताणायची. काठी मागे ओढली की ताण वाढतो, सूर चढतो. सैल सोडली की उतरतो. बारावीच्या प्रॅक्टिकलचा सोनोमीटर आठवतो? तोच, फक्त रीडिंग घ्यायची नाहीत. हा त्यांचा बेस. फ्रेडी पियानोवर. आणि गायला कोण? दुसराच! मुख्य गायक तो नव्हता, हे वाचून मी दोनदा पान मागे उलटलं. ज्याच्या एका इशाऱ्यावर पुढे पाऊण लाख माणसं सूर लावायची, तो शाळेच्या स्टेजवर कडेला बसून मागचा सूर धरायचा. शाळेच्या कार्यक्रमात हेक्टिक्स वाजवायला लागले की जवळच्या मुलींच्या शाळेतून आलेल्या पोरी किंचाळायच्या, एवढी कीर्ती मात्र होती. त्या बँडमधला एक पुढे इंग्लंडमध्ये नट झाला, एक नेपाळच्या सैन्यात मोठ्या हुद्द्यावर पोचला.

त्याच सुमाराला, १९५७ साली, आपले सी. रामचंद्र 'आशा' चित्रपटात किशोरकुमारकडून 'ईना मीना डीका' गाऊन घेत होते. म्हणजे हे वारं फक्त इंग्रजी शाळेच्या कुंपणाआड नव्हतं, दादर-गोरेगावच्या स्टुडिओतही शिरलं होतं. नगर जिल्ह्यातल्या पुणतांब्याचे चितळकर अण्णा आणि झांझिबारचा पारशी पोरगा एकाच वाऱ्यावर डोलत होते, ही कल्पना मला फार आवडते.

अभ्यासाचं मात्र बारा वाजले. दहावीच्या आसपास मार्क घसरले, शाळा सुटली आणि तो झांझिबारला परतला. १० डिसेंबर १९६३ला झांझिबार स्वतंत्र झालं आणि महिन्याभरात, १२ जानेवारी १९६४ला, तिथे क्रांती झाली. सुलतान पळाला, हजारो माणसं मारली गेली. बुलसारा कुटुंब हाती लागेल ते घेऊन इंग्लंडला आलं, लंडनजवळ फेल्थममध्ये छोट्या घरात राहू लागलं. फ्रेडी सतरा वर्षांचा. पुढे त्याने हीथ्रो विमानतळावर हमालीची कामं केली, ईलिंगच्या आर्ट कॉलेजात ग्राफिक डिझाइनचा डिप्लोमा घेतला, केन्सिंग्टन मार्केटमध्ये जुने कपडे विकले.

१९७० साली तो ब्रायन मे आणि रॉजर टेलर ह्यांना जाऊन मिळाला. बँडचं नाव त्याने ठेवलं 'क्वीन', स्वतःचं आडनाव केलं मर्क्युरी. पुढच्या वर्षी बेस वाजवायला जॉन डीकन आला. आपल्या कॉलेजात ह्या बँडचा फोटो लावायला हरकत नाही, कारण डीकन इलेक्ट्रॉनिक्सचा पदवीधर, तोही फर्स्ट क्लास. कचऱ्याच्या पेटीत सापडलेल्या सर्किट बोर्डातून त्याने बनवलेला अँप्लिफायर क्वीनच्या रेकॉर्डांवर वाजलाय. ब्रायन मेची गिटार त्याने आणि वडिलांनी घरी बनवली, जुन्या फायरप्लेसच्या लाकडाची, आत मोटरसायकलच्या स्प्रिंगा. तोच ब्रायन २००७ साली खगोलभौतिकीत पीएच.डी. झाला. सबमिशन लेट झालं की मी त्याचं उदाहरण देतो.

'बोहेमियन ऱ्हाप्सडी' १९७५चं. सहा मिनिटांना पाच सेकंद कमी, ब्रिटनमध्ये सलग नऊ आठवडे पहिल्या नंबरवर. त्यातला तो मोठा कोरस म्हणजे फक्त तिघांचे गळे, पुन्हा पुन्हा एकावर एक रेकॉर्ड केलेले. टेप इतक्यांदा फिरली की तिच्यावरचा थर झिजून आरपार दिसायला लागलं असं सांगतात. ह्या गाण्यावर खूप लिहिलं गेलंय, मी थांबतो.

मला बोलायचंय ते १९७९च्या एका छोट्या गाण्याबद्दल. म्युनिकच्या हॉटेलात बाथटबमध्ये बसल्या बसल्या त्याला 'क्रेझी लिटल थिंग कॉल्ड लव्ह' सुचलं, आणि गिटार फारशी येत नसूनही काही मिनिटांत त्याने ते त्याच गिटारवर बसवलं. मोजक्या कॉर्ड, एल्व्हिससारखा खर्जातला आवाज, साधा ठेका. अमेरिकेत क्वीनचं पहिल्या नंबरवर गेलेलं हे पहिलं गाणं. समीक्षक म्हणाले एल्व्हिसला सलाम आहे. एल्व्हिस दोनच वर्षांपूर्वी वारला होता, तेव्हा ते बरोबरच. पण मला त्यात चहाच्या खोक्याचा बेस ऐकू येतो. हेक्टिक्सच्या पोरांना हे गाणं दिलं असतं तर त्यांनी संध्याकाळपर्यंत बसवलं असतं.

गंमत अशी की हे सगळं आपल्याला माहीत आहे ते त्याच्या मित्रांमुळे. त्याने स्वतः पाचगणीबद्दल, झांझिबारबद्दल बोलणं जवळजवळ आयुष्यभर टाळलं. मुलाखतीत विषय निघाला की दोन वाक्यांत उडवून लावायचा. का? काहींना ह्याचा राग येतो, आपल्या मातीची लाज वाटली म्हणतात. मला तसं वाटत नाही. तो कॉलेजात होता त्या १९६८ साली इनॉक पॉवेलने बाहेरून आलेल्या लोकांविरुद्ध भाषण केलं आणि लंडनचे कामगार त्याच्या बाजूने मोर्चे घेऊन निघाले. अशा गावात स्टेजवर उभं राहायचं, तर सावळ्या पोराने काय सांगावं आणि काय गिळावं? शिवाय आठव्या वर्षी घरापासून तुटलेली माणसं तो काळ सहसा उघडत नाहीत. आमच्या विंगमध्येही नवोदयवाले एक-दोघे आहेत, विचारून बघा.

१२ जुलै १९८६, लंडनचं वेम्ब्ली स्टेडियम, बहात्तर हजार माणसं. कार्यक्रमाच्या मध्यावर मोठे दिवे, मोठी गाणी बाजूला ठेवून चौघे पुढे आले आणि जुनी रॉक अँड रोल गाणी वाजवायला लागले. त्यात 'टुटी फ्रुटी' होतं. तो चाळीशीला टेकला होता, आणि अंगात असा संचारला होता की बघत राहावं. ते रेकॉर्डिंग मिळतं, जरूर बघा. ह्या वेळी कडेला बसून मागचा सूर धरायचा नव्हता. महिनाभराने, ९ ऑगस्टला, नेबवर्थला त्यांचा शेवटचा कार्यक्रम झाला.

पुढच्या वर्षी एड्सचं निदान झालं. तेव्हा ह्या रोगावर आजच्यासारखी औषधं नव्हती. उभं राहता येईना तरी स्टुडिओत जाऊन गात राहिला. आजाराची कबुली दिली २३ नोव्हेंबर १९९१ला, आणि दुसऱ्या दिवशी गेला. वय पंचेचाळीस. अंत्यसंस्काराला मोजकी माणसं होती. बोमी आणि जेर होते. पारशी दस्तुरांनी अवेस्तातल्या प्रार्थना म्हटल्या, फारोख बुलसारासाठी.