वानलेसवाडीवरून जाताना



स्मरणिकेसाठी आपल्या गावच्या एखाद्या थोर व्यक्तीवर लिहा, असा निरोप आला तेव्हा पुष्कळ नावे डोळ्यांपुढे आली. मिरज म्हटले की सतारी, तंबोरे आणि गवई आठवतात आणि त्यांच्यावर लिहिणारे आपल्यात जाणकार आहेत. मी मात्र एका डॉक्टरांवर लिहायचे ठरवले. त्याला एक खाजगी कारण आहे, ते शेवटी सांगतो.

सर विल्यम जेम्स वानलेस. आपण लहानपणी मिशन हॉस्पिटल म्हणायचो, मिशनचा दवाखाना म्हणायचो. वानलेस हे माणसाचे नाव आहे हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक होते कोण जाणे. सांगलीच्या रस्त्यावरची वानलेसवाडी ही मला बरीच वर्षे इतर वाड्यांसारखीच एक वाडी वाटत होती.

वानलेस यांचा जन्म १८६५ चा, कॅनडातल्या ऑन्टॅरिओ प्रांतातला. वैद्यकीचे शिक्षण न्यूयॉर्कला झाले. १८८९ मध्ये पदवी हाती पडली आणि त्याच वर्षी अमेरिकन प्रेसबिटेरियन मिशनचे डॉक्टर म्हणून ते पत्नी मेरी यांच्यासह सांगलीला आले. वय चोवीस. आपल्याकडे त्या वयाचा मुलगा नोकरीसाठी मुंबईला निघाला तरी आई डोळ्याला पदर लावते. हे दोघे सातासमुद्रापलीकडून आले, तेही भाषा येत नसताना.

दोन-तीन वर्षांत त्यांनी मुक्काम मिरजेला हलवला. याचे कारण ज्याला आपले स्टेशन माहीत आहे त्याला सांगावे लागणार नाही. पुण्याहून बेळगावकडे जाणारी गाडी मिरजेवरून जात होती आणि १८९१ मध्ये कोल्हापूरचा फाटाही सुरू झाला. रोग्याला बैलगाडीतून चार दिवस हिंदकळत आणण्यापेक्षा रेल्वेने आणणे केव्हाही सोपे. पुढे १९२७ मध्ये पंढरपूरची छोटी गाडी मिरजेपर्यंत आली, तेव्हा तर वारकऱ्यांचा भागही जोडला गेला. जंक्शनच्या गावी दवाखाना काढला म्हणूनच तो एका गावाचा न राहता सातारा, सोलापूर, विजापूर, बेळगावपर्यंतच्या मुलखाचा झाला.

मिरजेच्या संस्थानिकांनी जागा दिली. इमारतीसाठी मोठी देणगी फिलाडेल्फियाच्या जॉन कॉन्व्हर्स यांनी दिली. त्यांचा रेल्वे इंजिने बनवण्याचा कारखाना होता. १८९४ मध्ये हॉस्पिटल उभे राहिले.

वानलेस मिशनरी होते आणि धर्मप्रसार हा त्यांच्या येण्याचा एक हेतू होता, हे त्यांनी कधी लपवले नाही. लोकांना सुरुवातीला धाकधूक वाटली असेल तर त्यात नवल नाही. त्यातून चाकूची भीती वेगळीच. पोट फाडून माणूस जगतो यावर कोण विश्वास ठेवणार? पण अंधळा होऊन गेलेला म्हातारा स्वतःच्या पायांनी चालत गावात परत आला, की शंभर व्याख्यानांनी होत नाही ते काम होते. मोतीबिंदूच्या अशा शस्त्रक्रिया त्यांनी हजारोंनी केल्या.

माझ्या आजीने यातले थोडे डोळ्यांनी पाहिले होते. ती दहा-बारा वर्षांची असताना तिच्या वडिलांना मोतीबिंदूसाठी इथे आणले होते. पीठ, मीठ, चटणी आणि दोन भांडी असा संसार बांधून अख्खे घर आले होते. त्या काळी डोळ्याला टाके घालण्याची रीत नव्हती. डोळ्यावर पट्टी बांधून, मान न हलवता कित्येक दिवस उताणे पडून राहायचे. खोकला आला तरी घरच्यांच्या पोटात गोळा यायचा. पट्टी सुटल्यावर आणि जाड भिंगाचा चष्मा लागल्यावर पणजोबांनी म्हणे आधी आजीचा चेहरा चाचपला आणि मग पाहिला. गोऱ्या साहेबाला मराठी बोलताना ऐकून आपल्याला हसू आवरले नव्हते, असे ती सांगायची. पुढे आयुष्यभर ती कुठल्याही चांगल्या डॉक्टरला वानलेससाहेबच म्हणत राहिली.

पण वानलेस यांचे खरे मोठेपण त्यांच्या हातात होते त्याहून जास्त एका निर्णयात होते, असे मला वाटते. एक माणूस दिवसाला किती रोगी तपासणार? १८९७ मध्ये त्यांनी मिरजेतच वैद्यकीय शाळा सुरू केली आणि इथली मुले हाताशी धरून त्यांना शिकवू लागले. हाच तो काळ, जेव्हा मुंबई इलाख्यात प्लेग शिरला होता आणि पाठोपाठ दुष्काळ पडत होते. अशा वेळी कोणीही म्हणाले असते की आधी रोगी पाहू, शाळेचे नंतर बघू. त्यांनी दोन्ही एकदम केले. इथे शिकलेले डॉक्टर लहान लहान गावांत जाऊन बसले. परिचारिका तयार झाल्या. ज्या घरांतून मुलींना उंबरा ओलांडू देत नसत, अशा काळात या मुली रात्रपाळी करत होत्या.

दुसरा निर्णय मला याहून मोठा वाटतो. हॉस्पिटलची कीर्ती झाली की पैसेवाले रोगी येतात, संस्थानिक येतात, मानमरातब येतात. त्यांनाही हे सगळे मिळाले. पण ज्यांना गाव वेशीबाहेर ठेवते त्यांची सोय त्यांनी स्वतःहून लावली. १९०० मध्ये कुष्ठरोग्यांसाठी आसरा उभा केला. पुढे तेच रिचर्डसन लेप्रसी हॉस्पिटल झाले. १९२० मध्ये क्षयरोग्यांसाठी सॅनिटोरियम काढले. तेव्हा क्षयावर औषध नव्हते. स्ट्रेप्टोमायसिनचा शोध लागायला अजून तेवीस वर्षे होती. मोकळी हवा, दूध, पौष्टिक खाणे आणि विश्रांती एवढाच उपाय. म्हणजे बरा होईलच असे सांगता येत नाही अशा रोग्याला अंथरूण द्यायचे, खायला घालायचे आणि त्याच्याशी माणसासारखे वागायचे. ज्या माळावर हे घडले त्यालाच आपण वानलेसवाडी म्हणतो.

मेरीबाईंच्या निधनानंतर त्यांनी दुसरा विवाह केला. कोल्हापूरचे मेरी वानलेस हॉस्पिटल पहिल्या पत्नीच्या नावाने आहे. १९२८ मध्ये सरकारने त्यांना सर ही पदवी दिली आणि त्याच वर्षी ते निवृत्त झाले. सुमारे चाळीस वर्षे या भागात काढून ते अमेरिकेला परत गेले आणि १९३३ मध्ये कॅलिफोर्नियात वारले. डॉ. व्हेल यांच्यासारखे सहकारी इथे तयार होते, त्यामुळे साहेब गेले म्हणून दवाखान्याला कुलूप लागले नाही. १९६२ मध्ये मिरजेत सरकारी मेडिकल कॉलेज आले. आज गल्लोगल्ली दवाखाने आहेत आणि कर्नाटकातूनही रोगी मिरजेची वाट धरतात. त्या सगळ्याची पहिली वीट १८९४ ची आहे.

आता ते खाजगी कारण.

आपण आठवीत असताना आपल्या वर्गात एक मुलगा होता. नाव लिहीत नाही, पण खिडकीकडच्या तिसऱ्या बाकावर बसणारा म्हटले की तुम्हाला आठवेल. त्याची आई वानलेसवाडीला सॅनिटोरियममध्ये होती. शाळा सुटली की तो सायकलला डबा अडकवून तिकडे जायचा. मावशीकडे सांगलीला जाताना एसटी वानलेसवाडीवरून निघाली की आम्ही भावंडे नाक दाबून श्वास रोखून धरत असू, पुढचा थांबा येईपर्यंत. तसाच श्वास मी वर्गात त्याच्या शेजारी बसून धरायचो. एक दिवस मी वर्गशिक्षकांकडे जाऊन बाक बदलून मागितला. सरांनी काही न बोलता बदलून दिला. मधल्या सुट्टीत त्याचा डबा त्याने एकट्याने खाल्ला. दुसऱ्या दिवशी सरांनी धडा बाजूला ठेवला आणि तासभर डॉ. वानलेस यांची गोष्ट सांगितली. माझ्याकडे एकदाही पाहिले नाही. मला तेव्हा वाटले, बरे झाले, आज गृहपाठ तपासला नाही.

वार्षिक परीक्षेआधीच त्या मुलाने शाळा सोडली. सर ती गोष्ट कोणासाठी सांगत होते हे मला समजायला पंधरा-वीस वर्षे जावी लागली, आणि ते समजले तेव्हा सर हयात नव्हते.

परक्या मुलखातून आलेला माणूस ज्यांच्या उशाशी जाऊन बसला, त्यांच्यातल्या एकीच्या मुलाशेजारी मी एका बाकावर बसू शकलो नाही. आपल्या १९७० च्या अकरावीच्या यादीत त्याचे नाव नाही, म्हणून निमंत्रणही गेले नसेल. कुणाला त्याचा पत्ता ठाऊक असेल तर मला कळवा. ही स्मरणिका मी स्वतः नेऊन देईन. आणि मेळाव्याला तो आलाच, तर जेवणाच्या पंगतीत त्याच्या शेजारची जागा कृपा करून माझ्यासाठी ठेवा.