विश्लेषण : मोनेंचा सूर्य कृष्णधवल होताच का हरवतो?

क्लॉद मोने यांचे ‘इम्प्रेशन, सनराइज’ हे चित्र मोबाइलवर कृष्णधवल करून पाहिले, तर त्यातला नारिंगी सूर्य जवळपास दिसेनासा होतो. हे कसे घडते? आणि रंगांवरच सारी भिस्त असलेल्या या चित्रकाराची नजरच अधू झाली, तेव्हा काय झाले?

मोने घडले कसे?

त्यांचा जन्म १८४० चा, पॅरिसमधला. बालपण ल हाव्र या बंदराच्या शहरात गेले. शाळकरी वयात ते व्यंगचित्रे काढून विकत. युजीन बूदँ या चित्रकाराने त्यांना उघड्यावर, निसर्गासमोर उभे राहून रंगवायची गोडी लावली. धातूच्या ट्यूबमध्ये तयार रंग मिळू लागल्याने ते सोपेही झाले होते.

सूर्य का हरवतो?

हे चित्र आहे १८७२ मधल्या ल हाव्र बंदरातल्या धुकट सकाळचे. त्यातला सूर्य आणि भोवतीचे करडे-निळे आकाश यांची उजळता जवळपास सारखीच आहे. फरक आहे तो फक्त रंगाचा. कृष्णधवल प्रतिमेत केवळ उजळता उरते, म्हणून सूर्य विरघळतो. हार्वर्डच्या मेंदूविज्ञान संशोधक मार्गारेट लिव्हिंगस्टन यांनी हे उलगडून दाखवले. निळ्याशेजारी त्याचा विरोधी नारिंगी ठेवल्याने दोन्ही रंग अधिक खुलतात. पाण्यातले प्रतिबिंब म्हणजे तर कुंचल्याचे मोजके, सुटे फटकारे.

टीका का झाली?

१८७४ च्या प्रदर्शनात हे चित्र अनेकांना अर्धवट वाटले. समीक्षक लुई लरॉय यांनी त्याच्या शीर्षकावरून खिल्ली उडवली आणि त्यातूनच ‘इम्प्रेशनिस्ट’ हे नाव रूढ झाले. मोने मात्र आपल्या वाटेवरून हटले नाहीत. १८९०-९१ मध्ये जिव्हर्नी येथे शेतातल्या त्याच त्या गंजी त्यांनी वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या ऋतूंत रंगवल्या. प्रकाश बदलला की ते कॅनव्हासही बदलत.

मोतीबिंदूने काय केले?

१९१२ मध्ये निदान झाले. मोतीबिंदूत निळ्या छटा मंदावतात, सारे पिवळट-तपकिरी दिसते. मोने ट्यूबवरची नावे आणि पॅलेटवरचा ठरलेला क्रम यांच्या आधारे रंग निवडू लागले. शस्त्रक्रियेची त्यांना धास्ती होती. मित्र आणि माजी पंतप्रधान जॉर्ज क्लेमान्सो यांच्या आग्रहानंतर १९२३ मध्ये उजव्या डोळ्यावर शस्त्रक्रिया झाली. त्यानंतरही ते कमळतळ्याच्या भव्य चित्रांवर हात फिरवत राहिले. १९२६ मध्ये त्यांचे निधन झाले. पुढच्याच वर्षी ती चित्रे पॅरिसच्या ऑरांजरी संग्रहालयात लोकांसाठी खुली झाली.