पंडिता रमाबाईंचा भरवसा आणि केडगावचा संसार

पंडिता रमाबाईंचे नाव महाराष्ट्रात आदराने घेतले जाते, पण ते बहुधा १८८९ पाशी येऊन थांबते. कलकत्त्याच्या विद्वानांनी जिला सरस्वती ही पदवी दिली ती संस्कृत पंडिता, आर्य महिला समाजाची संस्थापिका, शारदा सदनाची चालिका, येथपर्यंतच्या रमाबाई आपल्याला मानवतात. त्यापुढील तेहतीस वर्षे निघाली की चर्चा धर्मांतराच्या प्रश्नापाशी अडते आणि तेथेच संपते. एक अगदी साधा, कोणत्याही गृहिणीला सुचावा असा प्रश्न क्वचितच विचारला जातो. केडगावच्या माळावर ऐन दुष्काळात दोन हजारांच्या जवळपास माणसांचा जो संसार या बाईंनी मांडला, तो चालला कशावर? गाठीशी गंगाजळी नव्हती, कोणत्याही बड्या मिशनशी संस्था जोडलेली नव्हती आणि उद्याच्या धान्याची हमी देणारा सावकारही नव्हता. रमाबाईंचे स्वतःचे उत्तर एवढेच होते की हे सारे देवाच्या भरवशावर चालते. हे उत्तर श्रद्धाळू माणूस डोळे मिटून स्वीकारतो आणि बुद्धिवादी हसून सोडून देतो. वस्तुतः ते नीट तपासून पाहण्याजोगे आहे.

देवावर भरवसा टाकून जगणे रमाबाईंना नवे नव्हते. २३ एप्रिल १८५८ रोजी गंगामूळच्या अरण्यात त्यांचा जन्म झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नी लक्ष्मीबाईंना संस्कृत शिकविले म्हणून समाजाचा रोष पत्करला होता. पुढे हे कुटुंब क्षेत्रोक्षेत्री हिंडू लागले. देवळात किंवा नदीकाठी पुराण सांगावे, कोणापुढे हात पसरू नये आणि श्रोत्यांनी आपखुशीने जे धान्य, वस्त्र, दक्षिणा ठेवावी त्यावर निर्वाह करावा, हा त्यांचा क्रम होता. मिळेल त्यातलाही मोठा भाग दानधर्मात आणि देवकार्यात जाई. मग मद्रास इलाख्यात दुष्काळ पडला. पुराण ऐकायला येणाऱ्यांच्याच घरी चूल पेटेना, तेथे दक्षिणा कोण देणार? अंगावरचे दागिने गेले, भांडी गेली. अनुष्ठाने आणि उपवास चालूच राहिले. अखेर झाडपाला आणि रानातली फळे खाऊन दिवस काढण्याची वेळ आली. विद्वान ब्राह्मणाने मोलमजुरी करावी हे या घराच्या कल्पनेतही बसत नव्हते. १८७४ साली अनंतशास्त्री गेले, त्यांच्यामागोमाग आई आणि थोरली बहीण. उरली ती रमा आणि तिचा भाऊ श्रीनिवास.

भरवशाचा असा भीषण अनुभव सोळाव्या वर्षी घेतलेली मुलगी पुढे भरवसा या शब्दाचाच तिटकारा करू लागली असती तर नवल नव्हते. तसे झाले नाही. मात्र त्या शब्दाचा अर्थ तिने आमूलाग्र बदलला.

मधली वर्षे सर्वांच्या परिचयाची आहेत. १८७८ मध्ये बहीणभाऊ कलकत्त्यास पोहोचले. १८८० साली भाऊ वारला. त्याच वर्षी बिपिनबिहारी दास मेधावी यांच्याशी नोंदणी पद्धतीने विवाह झाला आणि १८८२ च्या प्रारंभी पटकीने पतीही गेले. पदरी मनोरमा ही तान्ही मुलगी होती. पुण्यास येऊन त्यांनी आर्य महिला समाज स्थापन केला, हंटर आयोगापुढे साक्ष दिली आणि १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या. वाँटेज येथील भगिनींच्या मठात राहत असता २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी बाप्तिस्मा घेतला. धर्म बदलला तरी ताट बदलले नाही. त्या शाकाहारी राहिल्या आणि त्यावरून मठातल्या हितचिंतकांशी त्यांचे खटकलेही. हा तपशील किरकोळ वाटेल, पण ज्याचे मीठ खावे त्याच्या हो ला हो मिळविण्याचा या बाईंचा स्वभाव नव्हता, एवढे त्यावरून कळते. पुढे केडगावला हाच स्वभाव उपयोगी पडला.

१८८६ मध्ये आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी त्या अमेरिकेस गेल्या. तेथे पुढच्याच वर्षी उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवरचे त्यांचे इंग्रजी पुस्तक गाजले आणि बोस्टनमध्ये अमेरिकन रमाबाई असोसिएशन उभी राहिली. विधवांच्या शाळेला दहा वर्षे मदत करण्याचे वचन तिने दिले. गावोगावच्या मंडळांतून जमणाऱ्या लहान लहान वार्षिक वर्गण्यांवर हे वचन उभे होते. त्या बळावर ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झाले आणि पुढच्या वर्षी ते पुण्यास हलले. धोंडो केशव कर्वे यांनी १८९३ मध्ये जिच्याशी पुनर्विवाह केला ती गोदूबाई याच सदनाची विद्यार्थिनी.

पैसा आला की त्याच्याबरोबर अट येते, हा अर्थव्यवहाराचा जुना नियम आहे. शारदा सदनाची शाळा धर्मनिरपेक्ष असावी ही बोस्टनची अट होती आणि पुण्याच्या सल्लागार मंडळाची अपेक्षाही तीच होती. रमाबाई स्वतःची प्रार्थना दार उघडे ठेवून करीत. काही मुली तेथे येऊन बसू लागल्या. यावरून केसरीने कोरडे ओढले, १८९३ मध्ये रानडे आणि भांडारकर यांच्यासारखे हितकर्ते मंडळातून बाहेर पडले आणि अनेक पालकांनी आपल्या मुली काढून नेल्या. या वादात दोष सर्वस्वी एका बाजूचा होता असे म्हणता येणार नाही. ज्या पालकांनी एका समजुतीवर मुली ठेवल्या त्यांना फसविले गेल्यासारखे वाटणे स्वाभाविक होते, आणि स्वतःच्या खोलीत आपल्या देवाचे नाव घेण्याचा हक्क रमाबाईंनाही होताच. संस्थेच्या दृष्टीने मात्र यातून एक गोष्ट उघड झाली. ज्यांच्या आधारावर संस्था उभी असते, त्यांनी हात काढून घेतला की ती एका आठवड्यात अर्धी होऊ शकते.

शिवाय बोस्टनच्या वचनाची मुदत १८९८ मध्ये संपणार होती. तेव्हा रमाबाईंनी केले ते कोणत्याही शहाण्या व्यवस्थापकाने करावे तेच. पुण्यापासून सुमारे पन्नास-पंचावन्न किलोमीटरवर, सोलापूरकडे जाणाऱ्या रेल्वेलगत, केडगाव येथे सुमारे शंभर एकर जमीन घेतली. फळबाग लावायची आणि तिच्या उत्पन्नावर सदन चालवायचे, असा हिशेब होता. याच सुमारास इंग्लंडमधल्या ब्रिस्टल येथील जॉर्ज म्युलर यांच्या अनाथगृहांची हकीकत त्यांच्या वाचनात आली. मूळचे प्रशियाचे असलेले म्युलर यांनी कोणाकडेही वर्गणी न मागता, पगार न घेता आणि कर्ज न काढता पाच प्रचंड वास्तूंत हजारो अनाथ मुले वाढविली. चीनमध्ये काम करणाऱ्या हडसन टेलर यांच्या मिशनची रीतही अशीच होती. परदेशात जे घडते ते या दरिद्री देशात घडेल काय, असा प्रश्न रमाबाईंना पडला.

तो पडावा हेच खरे तर आश्चर्य. कारण न मागता, श्रोत्याच्या इच्छेवर सोडून जगणारा पुराणिक त्यांनी लहानपणापासून पाहिला होता. त्यांचे सारे घरच त्या रीतीने जगले होते. ब्रिस्टलची रीत त्यांना इतकी चटकन पटली याचे मूळ इंग्रजी पुस्तकांइतकेच अनंतशास्त्र्यांच्या पोथीतही शोधावे लागेल. फरक पुढे दिसतो.

१८९६ च्या अखेरीस मध्य प्रांतात दुष्काळाने कहर केला. रमाबाईंची संस्था तेव्हा लहान होती. सदनातल्या पंधरा मुली श्रद्धावंत झाल्या तेव्हा त्या संख्येचा वर्ग करून, म्हणजे दोनशे पंचवीस, देवाकडे मागण्याचे धाडस त्यांनी केले होते. पण एवढ्यांना झोपायला जागाही नव्हती. तरीही त्या मध्य प्रांतात गेल्या. मदत छावण्यांमधली, रस्त्याकडेला पडलेली, वाईट माणसांच्या हाती जाण्याच्या बेतात असलेली मुले-मुली त्यांनी पाहिली. बावीस वर्षांपूर्वीचे दिवस त्यांना आठवले असणार हे सांगायला नको. तीनशे मुली आणण्याचा त्यांनी निश्चय केला आणि तो पार पाडला. याच वेळी पुण्यात प्लेग होता आणि अधिकारी शहरात नवी गर्दी होऊ देईनात. म्हणून या मुलींची रवानगी केडगावच्या शेतावर झाली. फळबागेसाठी घेतलेल्या जमिनीवर मुक्ती सदन उभे राहिले ते असे.

येथे अर्थशास्त्राच्या कोणत्याही विद्यार्थ्याने थबकावे. दुष्काळात धान्याचे भाव चढतात, म्हणजे देणगीदाराचा रुपया तेवढाच राहतो आणि त्यातून मिळणारी ज्वारी कमी होते. नेमक्या त्याच वेळी खाणारी तोंडे कितीतरी वाढली. शाळेच्या इमारतीचा खर्च पुढे ढकलता येतो, जेवणाचा येत नाही. १८९८ मध्ये बोस्टनची मुदत संपली. असोसिएशन नव्या स्वरूपात चालू राहिली, पण वाढलेला संसार तिच्या आवाक्यातला नव्हता. आणि १८९९-१९०० चा गुजरातमधील दुष्काळ, ज्याला तिकडे छप्पनियो म्हणतात, आला तेव्हा रमाबाईंनी पुन्हा शेकडोंनी मुली आणल्या. संख्या दोन हजारांच्या जवळ गेली. हिशेबी दृष्टीने हे साहस नव्हे, अविचार होता. देणग्या थांबल्या असत्या तर त्याची किंमत रमाबाईंनी एकटीने नव्हे, त्या मुलींनी मोजली असती. हा आक्षेप गंभीर आहे. त्याला एकच उत्तर आहे, आणि ते धर्माचे नसून वस्तुस्थितीचे आहे: त्या मुलींपुढे दुसरा सुरक्षित पर्याय नव्हता. रस्त्यावर त्यांचे काय झाले असते हे रमाबाईंना कोणी सांगण्याची गरज नव्हती.

मात्र केडगावचा भरवसा हातावर हात ठेवून बसणारा नव्हता. अनंतशास्त्र्यांच्या घरात श्रम आणि श्रद्धा यांची फारकत होती. लेकीने ती मोडली. मुक्तीत विहिरी खणल्या गेल्या, शेती आणि भाजीपाला झाला, गाईगुरे आली, तेलघाणा, हातमाग, शिवणकाम, छापखाना असे उद्योग चालले. वाचन-लेखनाबरोबर प्रत्येकीने एखादे काम शिकावे हा दंडक होता. अंध मुलींसाठी वेगळे सदन निघाले. समाजाने टाकलेल्या स्त्रियांसाठी कृपा सदन आणि वृद्धांसाठी प्रीती सदन झाले. स्वतः रमाबाई साध्या पांढऱ्या वस्त्रात वावरत.

न मागण्याच्या व्रताविषयीही भाबडेपणा नको. म्युलर वर्गणी मागत नसत, पण वर्षाचा अहवाल छापून प्रसिद्ध करीत. रमाबाईंनीही मुक्ती प्रेयर बेल हे इंग्रजी नियतकालिक काढून केडगावची हकीकत देशोदेशीच्या वाचकांपर्यंत पोहोचविली. गरज कळली की देणारा देतो. तेव्हा गरज कळविणे हे मागणेच नव्हे काय, असे कोणी म्हटले तर त्यात तथ्य आहे. पण दोहोंत एक महत्त्वाचे अंतर उरते. मागून आणलेल्या पैशावर देणाऱ्याचा शब्द चालतो. अनेक देशांतल्या असंख्य लहान देणगीदारांकडून आपखुशीने येणाऱ्या पैशावर कोणा एकाचा शब्द चालत नाही. रमाबाई आयुष्यभर कोणत्याही एका पंथाच्या किंवा मिशनच्या अंकित झाल्या नाहीत. पुण्याच्या मंडळाला जे रुचले नाही आणि बोस्टनला जे पेलले नाही ते त्यांना करता आले, यामागे हे अर्थकारण होते.

या स्वातंत्र्याची दुसरी बाजूही होती. जाब विचारणारे कोणी नसले की चालकाच्या मताला संस्थेत आव्हान राहत नाही. मुक्तीचे वातावरण, विशेषतः १९०५ च्या धार्मिक जागृतीनंतरचे, अतिशय उत्कट होते. भुकेल्या पोराच्या हाती भाकरी देणाऱ्याचाच धर्म ते पोर स्वीकारते, तेव्हा त्या स्वीकारात निवड किती आणि कृतज्ञता किती, हा प्रश्न महाराष्ट्राने विचारला तो गैर नव्हता. फक्त तो विचारणाऱ्यांपैकी किती जण १८९७ मध्ये मध्य प्रांतात गेले होते, हेही पाहायला हवे.

अखेरच्या वर्षांत रमाबाईंनी आणखी एक खटाटोप आरंभिला. प्रचलित मराठी बायबलची भाषा खेड्यातल्या बायकांना कळत नाही, ती फार संस्कृतप्रचुर आहे, असे या संस्कृत पंडितेचे मत झाले. म्हणून उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी मुळावरून सोप्या मराठीत संपूर्ण भाषांतर केले. १९१९ मध्ये सरकारने कैसर-इ-हिंद पदक दिले. १९२१ मध्ये मनोरमा वारली. संस्थेचा भार जिच्यावर सोपवायचा तीच गेली, तरी भाषांतराचे काम थांबले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई निवर्तल्या. दुष्काळातून आणलेल्या मुलींनी खिळे जुळवायला शिकून ज्या छापखान्यात काम केले, त्याच केडगावच्या छापखान्यातून १९२४ मध्ये ते बायबल बाहेर पडले.